मैफिलीचं वय

"तरुण पोरं सवाईला येत नाहीत हो!" पुण्यात दर डिसेंबरात हे वाक्य ऐकू येतंच. सोबत ठरलेलं निदान: ह्या पिढीला शास्त्रीय गाणं कळत नाही. मला काही ते पटत नाही. माझ्या मते हा कानाचा प्रॉब्लेम नाही, कॅलेंडरचा आहे.

असं बघा. भीमसेनजींनी हा महोत्सव १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. पुढे वर्षानुवर्षं तो रात्र-रात्र चालायचा. हापिस करून, जेवूनखाऊन निघालात तरी भरपूर गाणं शिल्लक असायचं! मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. (वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, तेवढीच.) आजारी माणसांचा विचार केला तर नियम योग्यच. पण त्यापायी मैफल दुपारकडे सरकली. आता सांगा, आठवड्याच्या मध्ये भर दुपारी मंडपात कोण पोचणार? ज्याला मीटिंग नाही तो! म्हणजे रिटायर्ड मंडळी आणि कॉलेजची मुलं. मधले तिशी-चाळिशीवाले गायब.

आता दुसरं टोक. २०१० मध्ये पुण्यातच एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला. दहाचा नियम त्यालाही होताच, पण नावातच विकांत! तिथे गर्दी विशीतली, कारण अट पायांची. ह्या स्टेजवरून त्या स्टेजवर पळायचं, तासन्‌तास उभं राहायचं. पन्नाशीतल्या माणसाला रॉक आवडत नाही असं थोडंच आहे? त्याचे गुडघे परवानगी देत नाहीत, इतकंच.

आणि दिवाळी पहाट? सुट्टीचा दिवस, बसायला खुर्ची, फराळाच्या वेळेला घरी परत. तिथे आजी, सून, नातू सगळे एका रांगेत.

हे सगळं एवढ्यासाठी, की समेवर मान कधी हलवायची हे पुस्तकात वाचून येत नाही. ते शेजारच्या काकांकडे बघून येतं. मधली पिढी आली नाही तर तिची पोरंही येणार नाहीत, आणि काकांच्या शेजारची जागा रिकामीच राहील. आयोजकांनी निदान मधल्या वारी मुख्य गाणं सातनंतर ठेवावं, आणि संध्याकाळपुरतं वेगळं स्वस्त तिकीट काढावं.

असो. तोवर येत्या डिसेंबरात एक दिवस रजा टाका, आणि घरातलं एखादं शाळकरी पोर सोबत न्या. कंटाळलंच तर खाण्याचे स्टॉल आहेतच की!