भरतीचं गणित आणि मांडवीचे दादा

दोस्तांनो, रत्नागिरीला गेलात की थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान हे सगळं तुम्ही पाहालच. पण एक संध्याकाळ मांडवीसाठी राखून ठेवा बरं का! तिथली वाळू काळसर आहे. ती मळकी नाही हं! तिच्यात इल्मेनाइट नावाचं जड, काळं खनिज आहे, म्हणून ती तशी दिसते. ओहोटी लागली की या वाळूवर टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. तिथे कितीतरी वर्षं एक तांडेल पंच म्हणून उभे राहायचे. सगळे त्यांना दादाच म्हणत.

तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी परत फिरायचं हे त्याने ठरवायचं. मिरकरवाड्याच्या बंदरातून दादांनी उभा जन्म बोटी नेल्या. तेव्हा बोटीवर जीपीएस नव्हतं. मग भर समुद्रात जागा कशी सापडायची? खुणांनी! दीपगृह आणि त्याच्या मागची डोंगराची सोंड एका रेषेत आली की ती एक खूण. दुसऱ्या बाजूची अशीच आणखी एक जोडी धरायची. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे आपली बोट. भूमितीच की ही! दादांची शाळा चौथीत सुटली होती, पण अशा कितीतरी खुणा त्यांना तोंडपाठ होत्या.

बोटीवर जाणं थांबल्यावर ते पाहुण्यांना गरवायला नेऊ लागले. गरी म्हणजे गळ. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. मुंबईचे पाहुणे घाई करायचे, सारखी दोरी ओढून बघायचे. दादा काही बोलत नसत. पाहुणा कंटाळून गप्प बसला की मगच त्याला जागा बदलून देत.

पंच म्हणून मात्र भलते कडक! बोट वर गेलं की गेलं, मग खेळणारा सख्खा पुतण्या का असेना. पोरं कुरकुरायची, पण वाद घालायची नाहीत. कारण घरोघरी ठाऊक होतं, की समुद्रातही दादांनी 'फिरवा' म्हटलं की बोट फिरायची. डिझेल वाया जायचं, खलाशांचा त्या दिवसाचा वाटा बुडायचा, कधी कधी वादळ येतच नसे आणि दुसऱ्या बोटी भरून परतायच्या. त्यावरून टोमणे बसत. दादा ते ऐकून घेत. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' वादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि समुद्रात गेलेले कितीतरी मच्छीमार परतलेच नाहीत. दादा तेव्हा घरीच असत. त्यानंतर त्यांना टोमणा मारलेला कुणी ऐकला नाही.

आता त्यांचं गणित. तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारीही तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणून संध्याकाळी साडेपाचला पाणी पार आत गेलेलं, आणि उधाणाचे दिवस असल्याने मैदानही सर्वांत मोठं! अष्टमीला उलटं. संध्याकाळी सहालाच भरती, खेळ बंद. सामना कधी ठेवायचा हे दादा पंचांगावरूनच सांगत.

आता बोटीवर जीपीएस आहे, मासे दाखवणारं यंत्र आहे. हवामान खात्याचा इशाराही मिळतो, आणि तो हवाच. दादा मात्र आता नाहीत. त्यांच्या खुणा कुणी लिहून घेतल्या नाहीत. पुतण्याला त्यातल्या तीनच आठवतात. तिसरीतलं एक झाड तर तुटून गेलंय.

गणित मात्र अख्ख्या मांडवीला येतं. तुम्हीही करून बघा. समजा, तुम्ही दशमीला तिथे पोचलात. ओहोटी किती वाजता? उत्तर आलं की बॅट-बॉलबरोबर टोपीही घ्या!