फसवणूक खाती नावे

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत किराणा व डाळीची पेढी चालविणारे एक शेठजी. चाळीस वर्षांच्या व्यवहारात त्यांनी अनोळखी माणसाला उधारी दिली नाही. नवा ग्राहक आला की तो कोणत्या गावचा, कोणाच्या ओळखीचा, मागल्या दुकानदाराचे देणे त्याने फेडले की नाही, हे विचारल्याविना त्याचे खाते वहीत पडत नसे. याच शेठजींनी उन्हाळ्यातील एका दुपारी, ज्याचा चेहराही पाहिला नाही अशा माणसासमोर आपले बँक खाते उघडून ठेवले.

निमित्त क्षुल्लक होते. बँकेचे ॲप उघडत नव्हते. मुलगा माल पाहण्यासाठी अकोल्यास गेलेला, आणि एका व्यापाऱ्याचे पैसे संध्याकाळपूर्वी पाठवायचे होते. शेठजींनी इंटरनेटवर बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधला व जो सर्वांत वर दिसला तो लावला. तो बँकेचा नव्हताच. असे क्रमांक भामटेच तेथे पेरून ठेवतात. फोन आपण स्वतः केलेला असल्यामुळे समोरचा खराच असणार, अशी आपली समजूत होते, आणि निम्मे काम तेथेच उरकते. तोच फोन बाहेरून आला असता तर शेठजींनी दहा प्रश्न विचारले असते.

पलीकडचा आवाज अत्यंत नम्र होता. दुरुस्ती येथूनच करतो, असे सांगून त्याने एक ॲप उतरवून घ्यावयास लावले आणि त्यावर उमटलेले अंक विचारून घेतले. एनीडेस्कसारखी ही ॲप्स मुळात वाईट नव्हेत. दूरच्या संगणकाची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ ती रोज वापरतात. परंतु ते अंक सांगून पुढच्या परवानगीस होकार दिला की आपल्या पडद्यावरचे सारे त्या माणसास दिसू लागते, येणारा ओटीपीसुद्धा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. शेठजींपर्यंत तो इशारा कधी पोहोचला नाही. ‘तपासणीसाठी केवळ दहा रुपये पाठवा,’ असे तो म्हणाला. शेठजींनी पाठविले. पुढच्या काही मिनिटांत दोन व्यवहारांत ९८ हजार रुपये गेले.

यानंतर जे घडले ते रकमेपेक्षा गंभीर होते. शेठजी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. व्यापाऱ्यास पैशापेक्षा पत प्रिय. मुलगा काय म्हणेल, बाजारात काय बोलले जाईल, या विचाराने त्यांना झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी खात्याचा उतारा पाहताना सुनेने विचारले, ‘बाबा, हे कोणाला दिले?’ तेव्हा कोठे गोष्ट बाहेर आली आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार गेली.

हे दोन दिवस फार महागात पडले. चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकते आणि शेवटी रोखीने काढली जाते. १९३० वर तक्रार होताच रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तेथे ती रोखण्याचा प्रयत्न होतो, पण त्यासाठी ती तेथे शिल्लक हवी. शेठजींचे अवघे ११ हजार अडकलेले सापडले. बँकेकडून भरपाईची आशाही नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे. लाजेपोटी गप्प राहणे किती तोट्याचे, हे यावरून ध्यानात यावे.

शेठजींचा खरा सल वेगळा होता. असे अडाण्यांचे होते, असे ते आजवर मानीत आले होते. मग मुलाने त्यांना लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांची हकिकत वाचून दाखविली. ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, सीबीआयचे अधिकारी म्हणवणाऱ्या टोळीने त्यांना ‘डिजिटल अरेस्ट’चा धाक घातला, व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली आणि सात कोटी रुपये उकळले. वस्तुतः डिजिटल अटक नावाची तरतूद भारतीय कायद्यात कोठेही नाही. ओसवालांनी तक्रार केली, पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळविले, आणि पुढे त्यांनी सारा प्रकार स्वतः वृत्तवाहिन्यांसमोर सांगितला. एवढ्या मोठ्या माणसाने लाज बाजूस ठेवली, हे ऐकून शेठजी बराच वेळ गप्प बसले.

आता पेढीवर काही शिस्त लागली आहे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून वा कार्डाच्या मागून घ्यावयाचा, इंटरनेटवरून शोधावयाचा नाही. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे गादीवरच्या पोरालाही पाठ आहे. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कोणी उघडत नाही, आमंत्रण कितीही जवळच्याचे असो. आणि कोणी घाई केली, किंवा घरी सांगू नका म्हटले, की फोन ठेवून शेजारच्या दुकानदाराला विचारावयाचे. सूनबाई म्हणतात की हा शेवटचा नियम बाबांनीच घातला.

महिनाअखेर मुनीमजींनी विचारले, ही रक्कम कोणत्या खाती लिहावी? किरकोळ खर्चात टाकली तर कोणाच्या नजरेस येणार नाही, असे त्यांनी हळूच सुचविले. शेठजींनी ‘फसवणूक खाती नावे’ असे स्वच्छ अक्षरांत लिहावयास सांगितले. पेढीवर येणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी कोणी विचारले, तर ते वही पुढे करून सारे सांगतात. परवा त्यांपैकी एकाने आपल्या घरीही तसेच घडल्याचे प्रथमच बोलून दाखविले.