आजीचा हाली रुपया

माझी आजी कमरेला बटवा खोवीत असे. त्यात सुपारी, लवंगा व चुन्याची डबी असे; आणि अगदी तळाशी, चिंधीत घट्ट बांधलेले तीन रुपये. दोन कलदार व एक हाली. १९७० च्या सुमारास, मी पाचवीत असताना, त्यांतील एकही नाणे बाजारात चालत नव्हते. तरी दर दिवाळीला आजी ती गाठ सोडी, रुपये देवापुढे मांडी आणि पुन्हा बांधून ठेवी.

आमचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे चलन स्वतंत्र होते; त्याला हाली शिक्का म्हणत. इंग्रजी मुलखातील रुपया तो कलदार. सोलापूरच्या बाजारी जाणाऱ्याला हालीचे कलदार करून घ्यावे लागत. सात हालींना साधारण सहा कलदार मिळत. हाली चलन १९५९ साली पुरते थांबले, पण आजीचा हिशेब थांबला नाही. कोणी दुकानदाराने चढा भाव सांगितला, की ती विचारी, "हाली सांगतोस की कलदार?"

एके दुपारी मी ती गाठ हळूच सोडली. कलदारांवर राणी व्हिक्टोरियाची मुद्रा व १८६२ हे साल होते. हालीवर चारमिनार होता आणि न कळणारे आकडे होते. वडील निजामी अमदानीत उर्दू माध्यमातून शिकलेले. त्यांनी चष्मा लावून वाचले, "तेराशे सदतीस." ते पुढे काही सांगणार, तोच मी धूम ठोकली आणि शिवाजी महाराजांच्याही जवळजवळ तीनशे वर्षे आधीचे नाणे आमच्या घरी आहे, अशी दवंडी साऱ्या आळीत पिटली.

सायंकाळी वडिलांनी माझा तोरा उतरविला. ते साल हिजरी होते. ती गणना इ. स. ६२२ पासून चालते; तिचे चांद्रवर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि आपल्या पंचांगाप्रमाणे त्यात अधिक महिना धरीत नाहीत. म्हणून तेराशे सदतीस म्हणजे १९१८-१९. चारमिनारच्या कमानीतले 'ऐन' हे अक्षरही त्यांनी मला दाखविले. ते मीर उस्मान अली खान या निजामाचे आद्याक्षर.

आजी दिव्याशी वाती वळीत बसली होती. तिने विचारले, "म्हणजे मानमोडीचं साल का रे?"

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. गावेच्या गावे तिने आडवी केली. आजीचे आईवडील आठ दिवसांच्या अंतराने गेले. मागे उरली ती व तिचा थोरला भाऊ. पुढच्या वर्षी त्या भावाने तिचे लग्न लावून दिले आणि पहिल्या भाऊबीजेला तिच्या ताटात हा रुपया घातला. लग्नात आजी दहा वर्षांची होती, एवढेच तिला ठाऊक होते. वडिलांनी बोटांवर मोजले. "अगंबाई, मी साठी ओलांडली की!" असे म्हणून आजी हसू लागली. आपले वय तिला त्या दिवशी प्रथमच कळले.

दुसऱ्या दिवशी मी भलताच उत्साह दाखविला. चिंच व राख घेऊन तो काळवंडलेला रुपया खसाखसा घासला आणि लख्ख करून आजीच्या हातावर ठेवला. तिने तो बराच वेळ उलटासुलटा केला. मग म्हणाली, "एवढं काळं व्हायला त्याला पन्नास वर्षं लागली होती, बाळा."

पुढे शिक्षक झाल्यावर मला जुन्या नाण्यांचा नाद लागला आणि बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या. १८६२ साल असलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीच्या रुपयांवर मागील बाजूस बारीक टिंबे असतात, त्यांवरून जाणकार खरे वर्ष ताडतात. म्हणजे कलदारावरचा आकडादेखील सरळ वाचून भागत नाही! जुने ते महाग, हाही भ्रमच. १८६२ चे साधे रुपये आजही पुष्कळ सापडतात. उलट १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ, कारण त्यातले बहुतेक वितळविले गेले. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. बरीच नाणी परत घेऊन वितळविली व १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. ती चूक अंगावर वागविणाऱ्या रुपयाला संग्राहक आज आनंदाने अधिक मोल देतात.

एकदा मी आजीचा हाली रुपया हैदराबादेत एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याला दाखविला. त्याने भिंगातून क्षणभर पाहिले. "घासलेला आहे. चांदीच्या भावाने घेईन," तो म्हणाला. माझे कान गरम झाले. मी रुपया उचलून खिशात टाकला. विकण्यासाठी तो नेलाच नव्हता, हे त्याला सांगण्याचेही राहून गेले.

आजी जाऊन आता कित्येक वर्षे झाली. रुपया माझ्या मेजाच्या खणात त्याच चिंधीत आहे. गेल्या भाऊबीजेला नातीला दाखविण्यासाठी गाठ सोडली, तेव्हा कडेने आणि चारमिनारच्या खाचांतून तो पुन्हा चांगलाच काळा झालेला दिसला. नातीने तो पदराने पुसू का, म्हणून विचारले. मी घाईघाईने तिचा हात धरला.