मींड नसलेलं मेंडोलिन

मेंडोलिनचं नवं रेकॉर्डिंग हाती आलं की पुष्कळ वर्षं मी एकच गोष्ट तपासायचो : मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघते का? निघाली तर ठेवायचं, नाही तर बाजूला.

अमरावतीत मेंडोलिन दिसायचं ते ऑर्केस्ट्रात, हिंदी गाण्याच्या मधल्या तुकड्यापुरतं. त्यातून अख्खा राग उभा राहतो, हे यू. श्रीनिवास यांच्या कॅसेटमुळे कळलं आणि मी पुरता त्यांचा झालो. पालकोल्लूचा हा मुलगा १९८३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बर्लिनच्या जॅझ महोत्सवात कर्नाटक संगीत वाजवून आला. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. त्यांनी त्याऐवजी पाच एकेरी तारा लावल्या, वाद्य इलेक्ट्रिक केलं. एकेरी तार हवी तशी ओढता येते आणि स्वर लगेच विझत नाही. ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर जोडतारांवरच रागदारी वाजवली. दोन्ही तारा एकदम, सारख्याच ओढायच्या! त्यांची जी थोडीफार रेकॉर्डिंगं मिळतात, त्यातली खरखरसुद्धा मी कौतुकानं ऐकायचो.

अकोल्याचे मामा एकेकाळी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचे. त्यांना मोठ्या तोऱ्यात श्रीनिवास ऐकवले. मान डोलावली त्यांनी, आणि म्हणाले, “वाजोते जबरदस्त. पन बावा, तुले मींडच पाह्यजे त सरोद आयक ना! मेंडोलिनचं मेंडोलिन कधी आयकशीन?”

राग आला. पण उत्तर सुचेना. मग बाजूला टाकलेलं पुन्हा काढलं.

तार आखूड, त्यामुळे स्वर छेडला की लगेच मरतो. तो जिवंत ठेवायला नखी भराभर वरखाली फिरवायची. या प्रकाराला मी ‘झिणझिण’ म्हणून हिणवत असे. ब्राझीलच्या जकोब दो बांदोलिमचं १९६७ चं ‘विब्रासोंइस’ नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं, की हा माणूस काही स्वर मुद्दाम मरू देतो आणि झिणझिण उशिरा सुरू करतो. अमेरिकेच्या बिल मन्रोची तर तऱ्हाच निराळी. त्याच्या ताफ्यात ड्रम नाही. ठेका मेंडोलिन धरतं. ऑफबीटवर तारा छेडायच्या आणि डाव्या हाताची बोटं लगेच सैल करायची. सूर तुटतो, उरतो नुसता ‘चक्’. ज्याला मी वाद्याची खोट समजत होतो, त्यावर त्याचं सगळं घराणं उभं आहे. विवाल्दीचा सी मेजरमधला कॉन्चेर्तोही मला आता कोरडा वाटत नाही.

लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मेंडोलिनवादक, हे माहीत होतं. आता जुन्या गाण्यांत शब्द संपायची वाट पाहतो.

मामा मात्र श्रीनिवास यांच्या इलेक्ट्रिक वाद्याला मेंडोलिन म्हणायलाच तयार नाहीत. ते मला साफ नामंजूर आहे. अकोल्याला गेलो की त्यावर आमची जुंपतेच.