दोन्ही टोकांचा हिशेब

तेलाच्या धंद्यात मी निवृत्तीपर्यंत निभावले, याचं कुणी कौतुक केलं की मला अवघडल्यासारखं होतं. त्यातली मूळ पुंजी माझी नव्हेच, आमच्या साहेबांची. १९८९ मध्ये मी मुंबईत एका तेल कंपनीच्या पुरवठा विभागात रुजू झाले, तेव्हा ते विभागप्रमुख होते. गणित शिकलेली मुलगी जहाजांच्या खात्यात काय करणार, हा प्रश्न मजल्यावरच्या बहुतेकांना पडला होता. साहेबांनी तो विचारला नाही. त्यांनी मला टाकीवर पाठवलं.

आमचं काम सांगायला सोपं. माहूलच्या रिफायनरीतून निघालेलं डिझेल-पेट्रोल जवाहर द्वीपच्या धक्क्यावर किनारी टँकरमध्ये भरायचं आणि दक्षिणेकडच्या बंदरांना वेळेत पोचवायचं. कुणी किती माल कुठे द्यायचा याचा आराखडा दिल्लीच्या ऑइल को-ऑर्डिनेशन कमिटीत ठरे. कागदावर सगळं जुळे. मग पाऊस लागे, जहाजाचा पंप बिघडे, धक्का मोकळा मिळेना.

टाकीवर डिप घेणाऱ्या कामगारासोबत मी शिडी चढले. वजन लावलेली पोलादी फीत तळापर्यंत सोडायची, ओली खूण वाचायची, तक्त्यावरून लिटर काढायचे, तापमानाची दुरुस्ती करायची. तळाचं तेल पंप ओढत नाही, तो डेड स्टॉक. परत आल्यावर साहेबांनी एकच विचारलं, "अगं, आपण दिल्लीला जो साठा कळवतो, त्यातला गिऱ्हाइकाला मिळणारा किती?"

मग त्यांनी पाठकोऱ्या टेलेक्सवर मला एक हिशेब घातला. समजा बंदरावरच्या टाकीत १०,००० टन मावतात, रोजची उचल ५०० टन आणि जहाजात ८,००० टन माल. जहाज लागेल तेव्हा टाकीत २,००० टनांहून जास्त असेल तर सगळा माल उतरणार नाही. टाकीतली रिकामी जागा, म्हणजे अलेज, अपुरी. जहाज बाहेर ताटकळणार, डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा भुर्दंड, आपल्या माथी. आणि डेड स्टॉक ५०० टन असेल, तर त्याच्या खाली गेल्यावर बंदर कोरडं. म्हणजे जहाजाने यायचं ते फक्त तीन दिवसांच्या फटीत. मुंबईहून कोचीचा प्रवास बऱ्या हवेत दोन दिवसांचा. जून-जुलैत त्याची हमी कोण देणार? नवा माणूस टाकी रिकामी होण्याला घाबरतो, साहेब भरलेल्या टाकीलाही तेवढेच घाबरत. "सरासरी सांगू नकोस," ते म्हणत, "लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी, ते सांग."

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. दोन्ही देशांकडून आपण तेल घेत होतो. बातमी येताच पंपांवर रांगा लागल्या आणि आमच्याकडे दक्षिणेतल्या एका बंदराची उचल एकदम फुगली. मी शिकलेल्या गणितात मागणी आणि जहाजाचा उशीर ही दोन वेगळी संकटं होती. इथे एक दुसऱ्याला चिथावत होतं: जहाज उशिरा येणार अशी कुजबुज झाली की उचल आणखी वाढे.

वरच्या बैठकीत त्या बंदरासाठी जादा जहाज लावा असा आग्रह सुरू झाला. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वापर वाढलाय की साठवण?" मी रात्री बसून अंदाज मांडला. ट्रक तेवढेच धावत होते. फक्त अर्धी टाकी ठेवणारा आता काठोकाठ भरत होता, कारखाने पिंपं भरून ठेवत होते. आमच्या टाकीतलं तेल हजारो छोट्या टाक्यांत जाऊन बसत होतं, आणि त्यांनाही मर्यादा होतीच. त्या भरल्या की उचल नेहमीपेक्षाही खाली येणार. म्हणून जादा जहाज नको, ठरलेलंच अलीकडे ओढा, असं मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी तो कागद माझ्या नावासकट ठेवला आणि म्हणाले, "हिशेब हिचा आहे. निर्णय माझा." बंदर कोरडं पडलं असतं तर जाब त्यांना द्यावा लागणार होता, माझं नाव कुणी घेतलं नसतं. पुढच्या महिन्यात उचल घसरली, अंदाज बरोबर निघाला. तेव्हा मात्र ते सगळ्यांना माझंच नाव सांगत फिरले.

१७ जानेवारी १९९१ ला युद्ध पेटलं आणि तेलाचे भाव भडकण्याऐवजी एका दिवसात सुमारे एक तृतीयांश कोसळले. साहेबांना नवल वाटलं नाही. साठवण तेलाची होते तशी भीतीचीही, एवढंच ते म्हणाले.

दिल्लीची ती ऑइल को-ऑर्डिनेशन कमिटी २००२ मध्ये बंद झाली. पुढे संगणक आले. जहाज उशिरा येण्याची शक्यता किती टक्के, हे आता पडद्यावर दिसतं. पण त्या टक्क्यांखाली सही कुणी करायची, हे पडदा सांगत नाही. साहेबांच्या खुर्चीत बसल्यावर मी धाकट्यांच्या हिशेबांखाली सह्या करत गेले, काही फसले तेव्हा जाब दिला. लोकांनी त्याला माझं धाडस म्हटलं. ते उसनं होतं, आणि देणाऱ्याने ते कधी परत मागितलं नाही.