चार दिवसांसाठी आलेली

२८ फेब्रुवारी २०११. जनगणनेचे प्रगणक त्या रात्री फुटपाथ, पुलांखालच्या जागा, देवळांच्या ओवऱ्या, रेल्वेचे फलाट पालथे घालत होते. देशभरात बेघरांचा आकडा १७ लाखांच्या वर गेला. भावाच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर अंथरूण टाकणारी बाई त्यात नव्हती. डोक्यावर छप्पर होतं, म्हणून ती भावाच्या कुटुंबात मोजली गेली. सकाळी सगळ्यांच्या आधी ते अंथरूण गुंडाळून ठेवावं लागतं, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

*

उघड्यावर झोपणं बाईला परवडत नाही, म्हणून ती दिसत नाही. एसटी स्टँडवर ती पहाटेच्या गाडीची वाट बघत असल्यासारखी बसते. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटच्या नातेवाइकांत मिसळून जाते. पंधरा दिवस बहिणीकडे, महिनाभर मावशीकडे. तिथे खाल्लेल्या घासाची परतफेड धुण्याभांड्यांनी होते. आणि कित्येकींना नवऱ्याच्या मारापेक्षा रात्री कुठे जायचं हा प्रश्न जास्त मोठा वाटतो. त्या मार खात राहतात.

*

आजारी म्हाताऱ्यांजवळ चोवीस तास राहायचं काम. ब्यूरोतून अशा बाया शहरभर जातात. अनेकींसाठी पगाराइतकीच झोपायची जागा मोलाची असते. पेशंट गेला की रडारडीतच पिशवी भरायची. घरच्यांचं माणूस जातं. हिचं काम आणि घर एकाच दिवशी जातं.

*

माहेरचं दार उघडं असतं, पण दारातच पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवस?’ आठवड्याने शेजारीण विचारते, ‘अजून आहेस का?’ मग घरातलेच समजावू लागतात, थोडं सहन कर, नांदायला जा. भावजयीला खलनायिका ठरवून भागत नाही. दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर सातव्या माणसाची अडचण खरीच असते. अडचण खरी म्हणून मुलीचा हक्क मात्र खोटा ठरत नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. तरी हक्कसोड पत्रावर सह्या होतातच, माहेर तुटू नये म्हणून.

*

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याचं कलम १७ सांगतं की, घर बाईच्या नावावर असो वा नसो, ती ज्या घरात नात्याने राहते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी ते ‘सामायिक घर’ ठरू शकतं. ‘घर माझ्या बापाचं आहे, चालती हो’ हे वाक्य ऐकलेल्या प्रत्येकीपर्यंत हा निकाल पोचायला हवा. कायद्यानुसार अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात तारखा पडत जातात, आणि तारखांच्या मधल्या रात्री कुठेतरी काढाव्याच लागतात.

*

जिल्ह्याच्या ‘सखी’ या सरकारी मदत केंद्रात तात्पुरता निवारा मिळतो, साधारण पाच दिवस. त्यापुढे शक्ती सदन, हेही सरकारी निवारागृह. मुलगा ठरावीक वयापुढचा असेल तर त्याला आईबरोबर ठेवत नाहीत. पोरगा एकीकडे नि आपण दुसरीकडे, या भीतीने कितीजणी उंबऱ्यावरूनच परत फिरतात.

*

भाड्याने खोली शोधायला गेलं की आधी डिपॉझिट, मग ‘मिस्टर काय करतात?’ रेशनकार्ड सासरी, आधारवर सासरचा पत्ता, मुलांचे दाखले नवऱ्याच्या कपाटात. कागद नसले की मुलाच्या शाळाप्रवेशापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळं अडतं.

*

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत भावाकडे राहणारी एक तरुण विधवा होती, गोदूबाई. पुढे त्यांना सगळे ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखू लागले. त्या सदनात निवारा आणि शिक्षण एकत्र होतं. बाईला वर्ष-दोन वर्षं निर्धास्त झोप मिळाली की ती शिकते, कमावते, उभी राहते. पाच दिवसांत कुणी उभं राहत नाही.

*

सरकारने निवाऱ्याची मुदत बाईच्या गरजेवर ठरवावी, मुलांना आईपासून तोडू नये. आपल्यालाही बरंच करता येईल. ‘चार दिवसांसाठी’ आलेल्या बाईला कधी जाणार हे विचारू नका. तिची कागदपत्रं, थोडे पैसे विश्वासाने सांभाळा. १८१ हा हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करून द्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना सोबत जा. चार खोल्या भाड्याने देत असाल, तर त्यातली एक एकट्या बाईला द्या, आणि तिच्या नवऱ्याची चौकशी करू नका.