अर्ध्या चित्राला जागा हवी

हजार तुकड्यांच्या पझलच्या खोक्यात निम्म्याहून बरीच जास्त हवा असते. हिशोब साधा आहे. जुळलेलं चित्र ७० बाय ५० सेंटिमीटर, पुठ्ठा साधारण २ मिलिमीटर जाड. म्हणजे सगळा ऐवज ७०० मिलिलिटर. सुटे तुकडे मध्ये फटी ठेवून बसतात म्हणून दुप्पट धरला, तरी दोन लिटरच्या डब्यात आरामात मावेल. आणि खोकं? ३७ बाय २७ बाय साडेपाच, म्हणजे जवळजवळ साडेपाच लिटरचं. उरलेली जागा दुकानातल्या फळीसाठी असते. झाकण मोठं असलं की चित्र लांबून दिसतं आणि दिसलं की विकलं जातं.

याचा राग नाही. विकायचं तर दिसायला हवंच. तक्रार वेगळी आहे. खोकं बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पझल घरी येतं तो दिवस असतो, आणि फार तर मोडून परत भरतात तो. मधले दिवस त्याच्या खिजगणतीतच नाहीत, आणि पझल तर त्या मधल्या दिवसांतच असतं. आपल्या फ्लॅटात मोठं टेबल एकच, तेही जेवणाचं. आकाशाचा डावा कोपरा कुठे जुळायला लागतो तोच आतून हाक येते, “आई, पानं घ्यायची आहेत, तुझं ते आकाश उचल.”

उचलून ठेवायचं कुठे? दिवाणाखाली सरकणारा प्लायवूड हा आमच्या घरचा तोडगा. वाऱ्याला आणि मांजराला तो पुरत नाही, पण निदान सपाट आहे. बाजारात फेल्टची गुंडाळी मिळते; फुगवलेल्या नळीभोवती अर्धवट पझल सतरंजीसारखं गुंडाळायचं. उलगडल्यावर निम्म्या जिभा खाचांतून निसटलेल्या. सपाट राहण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला गुंडाळायचं कुणाला सुचलं असेल!

सपाटपणाची किंमत पूर्वी कुणाला तरी नक्की कळली होती. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीनं कापायचा आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकायचा. त्याच सुमारास तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडेही असे कापलेले नकाशे होते. ते ठेवायला महोगनीची दोन छोटी कपाटं होती, आत उथळ खण. नकाशा आडवा, खणाच्या तळावर. खण ओढायचा, युरोप बाहेर. खण ढकलायचा, युरोप आत. तुकडे तेव्हा एकमेकांत अडकणारे नव्हते, नुसते शेजारी बसायचे, त्यामुळे हलवलं की देश विस्कटायचेच. म्हणून खण. ही कपाटं आजही इंग्लंडात जपून ठेवली आहेत, आणि मला विचाराल तर पझल ठेवण्याची त्याहून शहाणी सोय नंतर झालेली नाही.

नाही म्हणायला आपल्या बालवाडीतला लाकडी नकाशा आहे. त्यात फळीतली खोलगट चौकट हाच डबा, आणि तुकड्याची जागा रिकामी दिसली की तुकडा हरवला हे पोरालाही कळतं. (महाराष्ट्राचा जुना नकाशा मात्र फसवतो. १ ऑगस्ट २०१४च्या आधीचा असेल तर जिल्हे ३५च भरतात. काही हरवलेलं नसतं. पालघर तेव्हा ठाण्यातच होतं.)

मला हवं असलेलं खोकं मनात तयार आहे. उंची कमी, लांबी-रुंदी चित्राच्या निम्मी, आत एकावर एक बसणारे चार उथळ ट्रे. दोन ट्रे शेजारी मांडले की निम्म्या चित्राला सपाट तळ मिळतो, जेवणाच्या वेळी ते पुन्हा एकावर एक. हवेची जागा ट्रेंनी घेतली की खोकं मोठं असण्याला निदान अर्थ येईल. तोवर रंग वेगळे करायला मी मिसळणाचा डबा वापरते. सात वाट्या: वीट, पाणी, झाडं, ढग, माणसांचे चेहरे, अक्षरं, आणि सातवीत ‘हे काय आहे कुणास ठाऊक’. आणि मोडून भरताना तुकडे आधी चाळणीतून चाळून घ्यावेत. पुठ्ठ्याचा इतका भुसा पडतो की खोक्याच्या तळाशी राखाडी पीठ साचतं.

मात्र खोकं किती मदतगार असावं, हा नाजूक प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत मोठी माणसं लाकडी पझलांच्या नादी लागली, तेव्हा खोक्यावर चित्र नसायचंच, नुसतं नाव. चित्र काय आहे हे शोधणं हाच खेळ होता. ब्रिटनमध्ये १९३३ साली सुरू झालेली पझलांची एक लायब्ररी सभासदांना आजही बिनचित्राच्या खोक्यांतून लाकडी पझलं पाठवते. जॉर्ज पेरेकच्या १९७८च्या कादंबरीत एक श्रीमंत माणूस आपल्या पाचशे चित्रांची पझलं करवून घेतो. तिथे ती पाचशे एकसारखी खोकी बनवणाऱ्या बाईलाही लेखकानं नाव दिलंय, मादाम उर्काद. पेरेकला खोक्याचं महत्त्व ठाऊक होतं.

दुसऱ्या टोकाला राव्हेन्सबर्गरचं ४०,३२० तुकड्यांचं डिस्नी पझल. त्याचे तुकडे दहा पिशव्यांत विभागून येतात, एका पिशवीत चित्राचा एक भाग. खरं तर ती चार-चार हजारांची दहा पझलं झाली. पण सगळी एकत्र ओतली असती तर ती जुळवायला निवृत्तिवेतनच लागलं असतं, तेव्हा ही मदत माफ.

पझल दुसऱ्याला देताना झाकणावर एक ओळ लिहायची चांगली पद्धत आहे: ‘पूर्ण’, किंवा ‘होडीच्या शिडात एक नाही’. तुकडे मोजून खात्री करायला जाऊ नये. हजारी म्हणून विकली जाणारी कित्येक पझलं प्रत्यक्षात ३८ बाय २७ अशी कापलेली, म्हणजे १०२६ तुकड्यांची असतात. एक हरवला तरी मोजणाऱ्याला पंचवीस जास्तच मिळायचे. एवढी चिठ्ठी पुरे. काही प्रेमळ माणसं मात्र पुढे जाऊन कडेचे सगळे तुकडे निवडून वेगळ्या पिशवीत, रबरबँड लावून देतात. कड शोधण्यातली पहिली संध्याकाळ त्यांनी परस्पर खाऊन टाकलेली असते. मी त्यांना तोंडभर धन्यवाद देते, आणि घरी आल्यावर ती पिशवी ढिगात ओतून दोन्ही हातांनी नीट कालवते.